हिमोफिलियाचं मूल कसं सांभाळायचं: एका मामाकडून

हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याच्या आजाराच्या निदानाचा कागद हातात पडला की पुढच्या आठवड्यात बहुतेक घरांत दोन गोष्टी होतात. मुलाला कुणी जमिनीवर पाय टेकवू देत नाही, आणि हे कुणाच्या घराण्यातून आलं याचा हिशोब सुरू होतो. हिशोबाचं शेवटी बघू. मुलाला मात्र आत्ताच खाली ठेवा. त्याला चालू द्या, पळू द्या. स्नायू दणकट राहिले तरच त्याचे सांधे वाचणार आहेत.

मी कराडला एका पतसंस्थेत खातेवह्या बघतो. मला हिमोफिलिया ए आहे, सिव्हिअर. धाकट्या बहिणीच्या मुलालाही तोच. माझा उजवा गुडघा वाकत नाही आणि डावा घोटा पाऊस यायच्या आधी कळवतो. भाचा सहावीत आहे, त्याचे सगळे सांधे शाबूत आहेत. दोघांचा आजार एकच, पातळीही एकाच पट्ट्यातली. मी लहान असताना गुडघा सुजला की प्लाझ्मा नाहीतर क्रायोची (दान केलेल्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या भागाची) पिशवी लावायचे, तीही रक्तपेढीत असली तर. नसली की पाय उशीवर आणि घरात चिडीचूप. भाच्याच्या वेळी फॅक्टर, म्हणजे रक्तात जे कमी आहे त्याचंच इंजेक्शन, होतं आणि ते वेळेवर द्यायचं असतं हे माझ्या बहिणीला माहीत होतं. खाली लिहितोय ते सगळं या वेळेवर देण्याबद्दलच आहे.

आजार नेमका काय

रक्त गोठायला एकामागून एक कामाला लागणारी बरीच प्रथिनं लागतात, त्यांना फॅक्टर म्हणतात. आठ नंबरचं कमी असेल तर हिमोफिलिया ए, नऊ नंबरचं कमी असेल तर बी. ए साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला असतो, बी ३०,००० मुलग्यांमागे एकाला. रक्तात फॅक्टर १ टक्क्याहून कमी असेल तर सिव्हिअर, १ ते ५ असेल तर मॉडरेट, ५ ते ४० असेल तर माइल्ड. सिव्हिअरमध्ये काही लागलं-पडलं नसतानाही सांध्यात रक्त येतं. माइल्डवाल्याला कधीकधी दात काढेपर्यंत पत्ताच नसतो.

एपीटीटी आणि पीटी या रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायच्या साध्या तपासण्या. त्यात एपीटीटी वाढलेला आणि पीटी, प्लेटलेट ठीक असं दिसतं. तेवढ्यावर थांबू नका, कोणता फॅक्टर किती टक्के ते मोजून घ्या. 'रक्त पातळ आहे' असं सांगून कुणी घरी पाठवलं तर ते निदान नव्हे. प्रकार आणि टक्का घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ पाहिजे, आजीलासुद्धा.

आणखी एक गैरसमज. या मुलांचं रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, ते लवकर थांबत नाही. खरचटलं, ब्लेड लागलं, तर स्वच्छ फडकं दाबून धरा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. बाहेर दिसणाऱ्या रक्ताला सगळे घाबरतात, पण मुलाचं आयुष्य बिघडवतं ते आत, सांध्यात आणि स्नायूत साठणारं रक्त.

वयाप्रमाणे काय दिसतं

तान्ह्या बाळाला लस टोचल्यावर मांडीत टणक गाठ येते आणि उतरत नाही. रांगायला लागलं की छातीवर, पोटावर, नडगीवर निळे डाग उठतात आणि डागाच्या मधोमध बोटाला गाठ लागते. काखेत धरून उचललं की तिथे बोटांचे ठसे उमटतात. या ठशांवरून आईकडे संशयाने बघणारे शेजारी मी पाहिलेत. निदानाचा कागद मोबाइलमध्ये ठेवा, दाखवायला लाजू नका.

चालायला लागलं की पडतं आणि वरच्या ओठाच्या आतला पातळ पडदा फाटतो. जखम तांदळाएवढी, पण लाळेत रक्त रात्रभर झिरपत राहतं, बाळ ते गिळतं आणि सकाळी शी काळी होते. 'तोंडातलंच तर आहे' म्हणून याकडे दुर्लक्ष करू नका. बाळाचं एकूण रक्तच किती असतं! अशा वेळी डॉक्टर ट्रानेक्सॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी विरघळू न देणारं औषध) देतात, गरज पडली तर फॅक्टरही. खायला थंड आणि मऊ द्या, बाटलीचं निपल चोखायला देऊ नका.

दोन-तीन वर्षांच्या पुढे सांध्यांचा खेळ सुरू होतो. घोटा, गुडघा, कोपर हे तीन मुख्य. सांध्यात रक्त आलं की आतलं अस्तर त्यातलं लोह शोषून घेतं आणि सुजून जाड होतं. त्या जाड अस्तरात नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, त्यातून पुन्हा रक्त येतं आणि हळूहळू कूर्चा (हाडांच्या टोकांवरची मऊ गादी) झिजते. सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीनदा रक्त आलं की त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. माझा उजवा गुडघा तसा झाला होता. एकदा कूर्चा गेली की फॅक्टर देऊन ती परत येत नाही.

ब्लीड सुजेच्या आधी ओळखायचं

पुढचं सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा. सूज दिसली म्हणजे उशीर झालेला असतो. त्याच्या आधी तासभर, कधी त्याहून जास्त वेळ, मुलाला आतून काहीतरी कळत असतं. मुंग्या, कोमटपणा, भरल्यासारखं वाटणं, सांधा 'जागेवर नसल्यासारखा' वाटणं. माझा भाचा चार वर्षांचा असताना म्हणाला होता, "मामा, गुडघ्यात सोडा वॉटर झालंय." वरून काहीच नव्हतं, सूज नाही, लाली नाही. पण मला ते सोडा वॉटर चांगलं ओळखीचं होतं. बहिणीने लगेच फॅक्टर दिलं आणि दुसऱ्या दिवशी पोरगं अंगणात पळत होतं. त्या दिवसापासून घरात तोच शब्द चालतो. सोडा झाला का, कुठे झाला, किती झाला. तुमचं मूल जो शब्द वापरेल तो सगळ्यांनी उचला, शाळेतल्या बाईंनासुद्धा सांगा.

बोलता न येणाऱ्या मुलाचं अंग वाचावं लागतं. जिना उतरताना रोज उजवा पाय पुढे टाकणारं पोर आज डावा टाकतंय का? तांब्या दुसऱ्या हाताने उचलतंय का? मांडी घालून बसताना एक गुडघा उभाच ठेवतंय का? चड्डी घालताना एकच पाय कुरकुरतोय का? संशय आला की दोन्ही सांध्यांवर हाताची पाठ टेकवा, ब्लीडचा सांधा गरम लागतो. शिंप्याची टेप घेऊन दोन्ही गुडघ्यांचा घेर मोजा. ही मापं मूल चांगलं असताना एकदा लिहून ठेवलेली असावीत, नाहीतर तुलना कशाशी करणार?

मुलं लपवतात, हे धरूनच चाला. सुई नको असते, उद्या सहल असते, नाहीतर बाबा ओरडतील ही भीती असते. म्हणून आमच्या घरी एक पक्का नियम आहे: ब्लीड झालंय म्हणणाऱ्या पोराला "कशाला उड्या मारायला गेला होतास?" असं कुणीही विचारायचं नाही. उड्यांचं बोलणं नंतर, पाय बरा झाल्यावर. आधी बोलणी खाल्ली तर पुढच्या वेळी पोरगं सुजेपर्यंत गप्प बसेल, आणि ती चूक मुलाची नसेल.

ओळखलं, आता काय

फॅक्टर, जमेल तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांच्या आत. 'सकाळपर्यंत बघू' हे या आजारात सगळ्यात महागात पडणारं वाक्य आहे. शंका असेल आणि ठरवता येत नसेल तरी फॅक्टर द्या. ब्लीड नसताना एक डोस गेला तर एक वायल (औषधाची छोटी बाटली) वाया गेली. ब्लीड असताना दिला नाही तर सांधा जातो.

डोस डॉक्टर ठरवतात, पण गणित पालकाला यायला हवं, कारण रात्री अनोळखी दवाखान्यात ते तुम्हालाच मांडावं लागतं. फॅक्टर आठचं एक युनिट प्रत्येक किलो वजनामागे पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढवतं. समजा मूल २० किलोचं आहे आणि सांध्यासाठी पातळी ४० टक्क्यांवर न्यायची आहे: २० गुणिले ४० भागिले २, म्हणजे ४०० युनिट. वायल २५०, ५०० अशा येतात, तेव्हा ५०० ची फोडून पूर्ण द्यायची, उरलेली टाकायची नाही. हिमोफिलिया बी असेल तर दोनने भागायचं नाही, कारण फॅक्टर नऊचं एक युनिट किलोमागे साधारण एकच टक्का वाढवतं.

फॅक्टर दिल्यावर सांध्याला विश्रांती, खाली उशी, वर क्रेप बँडेज, घट्ट नको. ओल्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवला तर दुखणं कमी होतं. रक्त थांबवण्याचं काम बर्फाचं नाही, म्हणून बर्फ लावून वाट बघत बसू नका.

आता न करायच्या गोष्टी, आणि या आपल्याकडे हमखास होतात. गावाकडे गुडघा सुजला की लचक काढणाऱ्याकडे नेतात. तो तेल लावून चोळतो, ओढतो, आणि आतलं रक्त दुप्पट होतं. चोळणं नाही, गरम शेक नाही, गरम हळदीचा लेप नाही. आणि कंबरेत सुई तर अजिबात नाही. ताप आला, दुखलं, की पटकन कमरेला इंजेक्शन देणारे डॉक्टर सगळीकडे आहेत, त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण हिमोफिलियाच्या मुलाला स्नायूत दिलेली सुई म्हणजे कुल्ल्यात आठवडाभर टिकणारा रक्ताचा गोळा. शिरेतून चालतं, तोंडाने चालतं, स्नायूत नाही. हे वाक्य मूल बोलायला लागलं की त्यालाच पाठ करून द्या. भाचा पाच वर्षांचा असल्यापासून कंपाउंडरला ठणकावून सांगतो.

लसी मात्र सगळ्या घ्यायच्या. बारीक सुईने, जिथे चालत असेल तिथे कातडीखाली, आणि नंतर टोचलेल्या जागी दहा मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही. हिपॅटायटिस बीची लस तर चुकवूच नका. पोलिओचे जे डोस तोंडातून असतात त्यांना काहीच अडचण नाही.

तापाला-दुखण्याला पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, प्लेटलेटचं काम बिघडतं. मेडिकलवाला 'लहान मुलांचीच आहे' म्हणून जी मिश्र गोळी किंवा सिरप देतो त्यात पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असू शकतं. पाकिटाची मागची बाजू वाचा.

थेट निघायचं

डोक्याला मार लागला, मूल रडून शांत झालं, खेळायला लागलं, तरी थांबायचं नाही. घरी फॅक्टर असेल तर आधी ते, पातळी १०० टक्क्यांच्या आसपास जाईल असा पूर्ण डोस, आणि मग गाडी. सीटी स्कॅन नंतर. आधी स्कॅन करू, त्यात काही दिसलं तर फॅक्टर देऊ असं कुणी म्हणालं तर हात जोडून, पण ठामपणे सांगा की आधी फॅक्टर. उलटी, झोपाळूपणा, विनाकारण चिडचिड ही लक्षणं दिवस-दोन दिवसांनीही येतात.

मान किंवा घसा सुजणं, आवाज बदलणं, गिळता न येणं: तसंच, लगेच. पोटात किंवा जांघेत दुखतंय, मूल कंबरेत वाकून चालतंय, पाय सरळ करताच किंचाळतंय, तर ते अपेंडिक्स नसून कंबरेच्या आतल्या स्नायूत साठलेलं रक्त असू शकतं. सर्जनने पोट उघडायच्या आधी त्याला हिमोफिलिया आहे हे कळलंच पाहिजे. पोटरीत किंवा हाताच्या पुढच्या भागात सूज येऊन बोटं बधिर, गार पडली असतील तर तीही तासांतच बघायची गोष्ट आहे.

घरी फॅक्टर देणं

शिकून घ्या. डे केअरच्या, म्हणजे हिमोफिलियाच्या उपचार केंद्रातल्या, सिस्टर शिकवतात, सुरुवातीला हात थरथरतो, मग बसतो. वायल फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांना ठेवायची. दारातल्या कप्प्यात नको, फ्रीझरमध्ये तर नकोच. लाइट जाणाऱ्या गावात थर्मासमधल्या बर्फाला वायल थेट टेकू देऊ नका.

द्यायच्या आधी पावडरची आणि पाण्याची अशा दोन्ही बाटल्या बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. हात धुवा, बुचं स्पिरिटने पुसा. पाणी पावडरीत सोडल्यावर वायल तळहातात धरून गोल फिरवा. हलवायची नाही, फेस होतो आणि प्रथिन बिघडतं. पावडर पूर्ण विरघळली, कण दिसत नाहीत, मग फिल्टरमधून सिरिंजमध्ये ओढा. शीर शोधण्याआधी हात कोमट पाण्यात बुडवला तर शीर वर येते. बटरफ्लाय सुई, सावकाश ढकलणं, आणि सुई काढल्यावर पाचेक मिनिटं बोटाने दाब. मिसळलेलं फॅक्टर तासन् तास ठेवायचं नसतं, तीन तासांच्या आत द्या. वायलवरचा बॅच नंबरचा स्टिकर सोलून वहीत लावा: तारीख, वेळ, सांधा, युनिट. ही वही डॉक्टरांना रिपोर्टपेक्षा जास्त सांगते. सुया कचऱ्यात नको, जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून डे केअरला परत द्या.

ब्लीड थांबल्यावर सांधा पुन्हा चालता करणं अर्ध्याहून जास्त पालक सोडून देतात. दुखणं थांबलं की पोर पळतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पण मांडीचा स्नायू काही दिवसांच्या विश्रांतीतही वाळतो आणि ढिला गुडघा पुन्हा ब्लीडला बोलावतो. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, मुलाला तो खाली दाबायला सांगा, दहापर्यंत मोजा, सोडा. दुखलं की थांबा. फिजिओथेरपिस्टला दाखवून वाढवत न्या. लहान पोरांना व्यायाम म्हटलं की कंटाळा येतो. आम्ही टॉवेलखाली पिचकणारी बाटली ठेवायचो, दाबल्यावर ती वाजायची, आणि मग पोरगं थांबायलाच तयार नसायचं.

ब्लीड होण्याआधीच औषध

ब्लीड झाल्यावर फॅक्टर देणं म्हणजे मागे पळणं. सिव्हिअर मुलांना नियमित, आधीच औषध द्यावं, तेही तीन वर्षांच्या आत सुरू करावं, अशी जागतिक हिमोफिलिया महासंघाची २०२० ची शिफारस आहे. याला प्रोफिलॅक्सिस म्हणतात, डे केअरमध्ये सगळे 'प्रोफि' म्हणतात. फॅक्टर आठ शरीरात जेमतेम आठ ते बारा तासांत निम्मं होतं, लहान मुलांत त्याहून लवकर, म्हणून ते आठवड्यात दोन-तीनदा द्यावं लागतं. पूर्ण डोस परवडत नसेल तर कमी डोसचं प्रोफिसुद्धा नुसत्या वाट बघण्यापेक्षा कितीतरी बरं. सरकारी डे केअरमध्ये आपणहून विचारा. विचारणाऱ्याचं नाव यादीत आधी येतं, हा माझा अनुभव.

आता एमिसिझुमॅब आलंय. ते फॅक्टर नाही, पण आठ नंबरचं काम करतं, आणि पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली देता येतं, शीर शोधावी लागत नाही. सुरुवातीचे चार आठवडे दर आठवड्याला, मग आठवड्याने, पंधरवड्याने किंवा चार आठवड्यांनी. फक्त हिमोफिलिया ए ला चालतं. भाचा यावर आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते चालू असताना एपीटीटीचा रिपोर्ट नॉर्मल दिसतो, आणि नवखा डॉक्टर 'याला काही नाही' म्हणून ऑपरेशनला घेऊ शकतो. शिवाय एपीसीसी नावाचं एक औषध याच्याबरोबर मोठ्या डोसमध्ये दिलं तर रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. म्हणून मुलाच्या दप्तरात कार्ड हवंच. आणि एमिसिझुमॅब चालू असलं तरी मोठा मार लागला तर फॅक्टर लागतंच, कवच म्हणून निर्धास्त होऊ नका.

नेहमीच्या डोसने ब्लीड थांबेनासं झालं तर इनहिबिटरचा संशय घ्या. शरीर बाहेरच्या फॅक्टरला परकं समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. सिव्हिअर ए मधल्या साधारण चौथाई ते तिसरा हिस्सा मुलांत हे होतं, बहुतेकदा ज्या दिवशी फॅक्टर दिलं अशा पहिल्या ५० दिवसांत. म्हणून त्या काळात रक्ताची इनहिबिटर तपासणी ठरल्या वेळी करून घ्या. डोस वाढवत राहणं हा उपाय नाही, औषधच बदलावं लागतं.

जीन थेरपीच्या बातम्या वाचून फोन करणारे नातेवाईक तुम्हालाही असतील. वेल्लोरच्या सीएमसीमध्ये त्यावर काम झालंय, परदेशात काही उपचारांना मंजुरीही आहे, पण ते मोठ्या माणसांसाठी. मुलांसाठी आज तो पर्याय नाही.

शाळा

वर्ग सुरू व्हायच्या आधी मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांना भेटा. पत्र एका पानाचं: आजाराचं नाव, संसर्गजन्य नाही, डोक्याला लागलं तर काय करायचं, दोन फोन नंबर. तोंडी सांगितलेलं जूनमध्ये कळतं आणि जुलैत विसरतं. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा: कान पिरगाळणं, पट्टी, उठाबशा, ओणवं उभं करणं यातलं काहीही नको. खरं तर कुठल्याच मुलाला नको, पण इथे वैद्यकीय कारण असल्यामुळे लोक ऐकतात.

घोटा नुकताच बरा झालेल्या मुलाला चार दिवस तळमजल्यावर बसू द्या, दप्तर हलकं ठेवा, एवढंच मागा. पीटीचा तास कायमचा बंद करायला सांगू नका. बाजूला बसवलेलं पोर एक तर रडतं नाहीतर गुपचूप कबड्डीत घुसतं. कबड्डी, कुस्ती, दहीहंडीचा थर नाही, बाकीचं जमवता येतं. पोहणं सगळ्यात छान, पाण्यात सांध्यावर भार येत नाही. हेल्मेट घालून सायकल, बॅडमिंटन, रबरी चेंडूचं क्रिकेट चालतं. प्रोफिचा दिवस आणि खेळाचा दिवस एकाच तारखेला आणा.

घरच्या समारंभांत जावळ ट्रिमरने काढा, वस्तरा नको. कान टोचायची हौस असेल तर ती सोडून द्या, सोनाराला समजावत बसण्यापेक्षा सोपं. दुधाचे दात हलायला लागले की ओढू नका, आपोआप पडू द्या. दात पडल्यावर कापसाचा बोळा घट्ट चावायला द्या आणि ट्रानेक्सॅमिक ॲसिड हाताशी ठेवा. दोन वेळ ब्रश ही चैन नव्हे, किडलेला दात काढायचा म्हणजे फॅक्टर आलंच.

कागद आणि प्रवास

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. जाताना फॅक्टरचा रिपोर्ट आणि ब्लीडची वही न्या. सिव्हिअर आणि मॉडरेट रुग्णाला उपचारासाठी रेल्वेच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, डॉक्टरांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. एसटीच्या सवलतीचं आगारात विचारा. प्रवासात थंड पेटीत फॅक्टर, बटरफ्लाय, स्पिरिट आणि डॉक्टरांची चिठ्ठी. पेटी डिकीत नको, मांडीवर.

आता तो हिशोब

फॅक्टर आठ आणि नऊची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार व्हायची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक व्हायची शक्यता निम्मी. पण साधारण तिसरा हिस्सा मुलांच्या घरात आधी कुणालाच नव्हता, बदल नव्यानेच झालेला असतो. तेव्हा सुनेला बोल लावणाऱ्यांना सांगा की इथे कुणी काही केलेलं नाही.

माझ्या मुलीचं गणित वेगळं. वडिलांना हिमोफिलिया असेल तर त्यांच्या सगळ्या मुली वाहक असतातच, आणि मुलग्यांना तो वडिलांकडून कधीच येत नाही. वाहक म्हणजे नुसती पोचवणारी नव्हे, तिचाही फॅक्टर कमी असू शकतो. पाळी सुरू व्हायच्या आधी तिची पातळी मोजून ठेवा, नाहीतर महिन्यातले आठ-दहा दिवस जाणारं रक्त 'आमच्या घरात असंच असतं' म्हणून खपून जातं. माझ्या मुलीचं ३४ टक्के आलं. तिच्या दाताच्या डॉक्टरांच्या फाइलवर ते लाल शाईने लिहिलंय.

वाहक बाईला दिवस गेले की डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, सातव्या महिन्यात नको. गर्भात तपासणी हवी असेल तर आधी कुटुंबातला जनुकीय बदल सापडलेला असावा लागतो. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे हे काम होतं. त्याला वेळ लागतो, म्हणून लग्न ठरल्यावरच बघून ठेवा. बाळंतपणात बाळ ओढून काढायला चिमटा आणि व्हॅक्युम नको असं केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. बाळ झालं की नाळेतून रक्त घेऊन फॅक्टर आठ लगेच मोजता येतो. नऊ मात्र नवजात बाळात मुळातच कमी असतो, तो सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. रिपोर्ट येईपर्यंत व्हिटॅमिन के स्नायूत टोचू देऊ नका. ते तोंडाने किंवा कातडीखाली कसं द्यायचं हे बालरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवा, कारण त्या गडबडीत कुणालाच आठवत नाही.